गुन्हेगाराची नोंद कोणी पाहावी? पोलिसांच्या वह्या, पॅरोलच्या फायली आणि माहितीचा अधिकार

दक्षिण दिल्लीतली आर. के. पुरम ही रामकृष्ण परमहंसांच्या नावाने वसवलेली सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत. तेथे ईस्ट ब्लॉक आणि वेस्ट ब्लॉक अशा कचेऱ्यांच्या लांब रांगा आहेत. त्यांपैकी ईस्ट ब्लॉक 7 मध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, अनेक वर्षे होता. पुढे तो महिपालपूरला हलला. वसाहतीला लागूनच मुनिरका आहे. तेथे केंद्रीय माहिती आयोगाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन 6 मार्च 2018 रोजी झाले. त्याआधी आयोगाचे काम जुन्या जेएनयू परिसरातल्या क्लब बिल्डिंगमधून आणि भिकाजी कामा प्लेसमधल्या ऑगस्ट क्रांती भवनातून चालत असे. एक कचेरी गुन्हेगारांच्या नोंदी गोळा करणारी, दुसरी नागरिकाला सरकारी कागद दाखवायचा की नाही हे ठरवणारी, आणि दोन्ही एकमेकींच्या शेजारात. हा योगायोगच आहे, पण आपल्या विषयाला सोयीचा आहे.

शिक्षा झालेल्या माणसाविषयी तुम्हाला काय कळू शकते? तो शिक्षा भोगत असताना काही दिवस बाहेर आला, तर का आला, कोणी सोडला, हे तुम्ही विचारू शकता का? हे दोन प्रश्न बहुतेक विद्यार्थी एकच समजतात. इतिहासात मात्र ते वेगवेगळ्या वाटांनी आले आहेत. पहिली वाट माणसावर नजर ठेवणाऱ्या नोंदवहीची. ती वसाहतकाळात सुरू झाली आणि सरकारने ती कायम स्वतःपुरती ठेवली. दुसरी वाट सरकारच्या निर्णयाची कारणे मागण्याची. ती बरीच उशिरा, वर्तमानपत्रे, न्यायालये आणि माहितीचा अधिकार यांच्या जोरावर तयार झाली. या टिपणात आपण दोन्ही वाटा पाहू. लोकांचा आग्रह नेहमी पहिल्या वाटेचा असतो, पण लोकांच्या हाती खरे काही लागले ते दुसऱ्या वाटेने, असे मला वाटते.

नोंदवहीची सुरुवात

1871 चा गुन्हेगार जमाती कायदा तुम्ही अभ्यासक्रमात वाचला असेल. सुरुवातीला तो वायव्य प्रांत, अवध आणि पंजाबला लागू झाला. दिल्ली तेव्हा पंजाबात होती. 1911 च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यापर्यंत आला. या कायद्यात गुन्हा सिद्ध होण्याची गरज नव्हती. जमातच ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर होई, तिच्यातल्या माणसांची नावे वहीत चढत, त्यांना हजेरी द्यावी लागे, गाव सोडायचे तर परवाना घ्यावा लागे. सोलापूरला अशा जमातींसाठी काटेरी तारेच्या कुंपणातली वसाहत होती आणि तिथली माणसे सोलापूरच्या गिरण्यांत कामाला जात. आजही सोलापुरात ‘सेटलमेंट’ हा शब्द ऐकू येतो तो त्यामुळे.

या वह्यांच्या बाबतीत एक गोष्ट नीट लक्षात घ्या. वही गुप्त असली तरी तिचा परिणाम गुप्त नव्हता. पाटलाकडे हजेरीला जाणारा माणूस साऱ्या गावाला दिसत होता. म्हणजे नोंद कोणाला वाचायला मिळत नव्हती, तरी शिक्का सर्वांना ठाऊक होता, आणि ज्याच्यावर शिक्का बसला त्यालाच तो का बसला हे विचारायची सोय नव्हती.

हा कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला. भटक्या-विमुक्तांच्या चळवळीत तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. मात्र त्याच्या जागी राज्यांनी सराईत गुन्हेगारांचे कायदे केले. मुंबई राज्याचा कायदा 1959 चा आहे. कायद्यातून जमात गेली आणि व्यक्ती आली. ठाण्यातल्या वहीत किती फरक पडला, हे पारधी वस्तीत राहणाऱ्या कोणालाही विचारावे. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातिभेदाच्या प्रकरणात जो निकाल दिला, त्यात तुरुंग नियमावल्यांतील विमुक्त जमातींना ‘सराईत’ ठरवणारे उल्लेख काढण्याचा आदेश आहे. 1952 नंतर 72 वर्षांनी.

पोलीस ठाण्यातल्या वहीला सामान्य भाषेत हिस्ट्रीशीट म्हणतात. 1962 च्या खडक सिंग खटल्यात रात्री-अपरात्री घरी जाऊन झडती घेण्याचा पोलिसांचा नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. बाकीची पाळत मात्र राहू दिली. 1981 च्या मलक सिंग खटल्यात न्यायालयाने सांगितले की पाळतीची नोंदवही गोपनीय असते, तिची प्रत नाव आलेल्या माणसालाही मागता येत नाही. पण नाव घालण्यामागे वाजवी कारण हवे आणि पाळतीने माणसाच्या खासगी आयुष्यात अवाजवी ढवळाढवळ होता कामा नये. येथे गोपनीयतेचा हेतू अर्थातच पोलिसांच्या कामाची सोय हा होता.

हीच गोपनीयता पुढे वेगळ्या हेतूने आली. दिल्लीतील एका आमदाराचे नाव ‘बॅड कॅरॅक्टर’ म्हणून हिस्ट्रीशीटमध्ये घालण्यात आले आणि तो कागद समाजमाध्यमांवर फिरला. त्यात त्यांच्या अल्पवयीन मुलांचाही तपशील होता. अमानतुल्ला खान विरुद्ध पोलीस आयुक्त, दिल्ली या प्रकरणात 7 मे 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली पोलिसांचा सुधारित स्थायी आदेश मान्य केला: हिस्ट्रीशीट हा पोलिसांचा अंतर्गत कागद आहे, तो जाहीर करायचा नाही, आणि अल्पवयीनांची ओळख त्यात उघड करायची नाही. न्यायालयाने मागास, दलित आणि आदिवासी समाजातल्या निरपराध माणसांची नावे या वह्यांत यांत्रिकपणे चढतात, याचीही दखल घेतली आणि इतर राज्यांनीही असाच विचार करावा असे सांगितले. वही तीच, बंद ठेवण्याचे कारण मात्र पोलिसांच्या सोयीकडून माणसाच्या अब्रूकडे सरकले. हा बदल छोटा नाही.

वही संगणकात जाते

ठशांच्या नोंदीचा जगातला पहिला विभाग 1897 साली कलकत्त्यात सुरू झाला. त्यामागचे बरेचसे गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचे होते; पद्धतीला नाव मात्र त्यांच्या साहेबाचे, हेन्रीचे, पडले. एनसीआरबीची स्थापना 1986 ची. पोलीस संगणक संचालनालय, सीबीआयकडची आंतरराज्य गुन्हेगारांची माहिती, केंद्रीय अंगुलिमुद्रा विभाग, पोलीस संशोधन विभागाची सांख्यिकी शाखा असे तुकडे एकत्र करून तो उभा राहिला. ‘क्राइम इन इंडिया’ हा वार्षिक अहवाल 1953 पासून आणि तुरुंगांविषयीचा अहवाल 1995 पासून निघतो. हे आकडे जाहीर असतात. नावे नसतात. सरकारने आकडे लोकांना द्यायचे आणि नावे स्वतःकडे ठेवायची, ही विभागणी या कचेरीत पक्की झाली.

2022 च्या फौजदारी प्रक्रिया ओळख कायद्याने ही साठवण फार वाढवली. ठसे, छायाचित्रे, बुबुळांच्या प्रतिमा असे मोजमाप एनसीआरबीकडे 75 वर्षे राहू शकते. आधी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला, तर न्यायालयाने वेगळा आदेश दिल्याखेरीज ते पुसले पाहिजे, अशी तरतूद आहे.

आता आर. के. पुरमच्या सेक्टर 3 मधल्या रविदास कॅम्पकडे येऊ. 16 डिसेंबर 2012 च्या रात्री मुनिरकाच्या थांब्यावर एक तरुणी आणि तिचा मित्र बसमध्ये चढले. पुढचे तुम्हाला माहीत आहे. सहा आरोपींपैकी चौघे याच झोपडवस्तीत राहत होते. त्यानंतर देशभर एक मागणी जोराने पुढे आली: लैंगिक गुन्हेगारांची यादी लोकांसाठी खुली करा. अमेरिकेत 1994 मध्ये न्यू जर्सीत आणि 1996 मध्ये संघराज्य पातळीवर ‘मेगनचा कायदा’ झाला होता आणि शेजारी कोण राहतो हे तेथे कोणालाही पाहता येते, हा दाखला दिला जाई. सहा आरोपींपैकी अल्पवयीन असलेला तीन वर्षे सुधारगृहात राहून 20 डिसेंबर 2015 रोजी सुटला, तेव्हा त्याचा चेहरा जगाला दाखवा असे मृत मुलीच्या आईवडिलांनी म्हटले. त्यांचे दुःख कोणाला नाकारता येईल? पण बालन्याय कायदा अल्पवयीनाची ओळख जाहीर करू देत नाही, आणि ती झाली नाही.

यादी झाली, पण खुली झाली नाही. 20 सप्टेंबर 2018 रोजी लैंगिक गुन्हेगारांचा राष्ट्रीय माहितीसाठा सुरू झाला. 2005 पासून शिक्षा झालेल्यांच्या सुमारे 4.4 लाख नोंदी त्यात होत्या. तो एनसीआरबी सांभाळते आणि तो फक्त पोलीस व तपास यंत्रणांनाच पाहता येतो.

हे सरकारी गुप्ततेचे वेड म्हणून सोडून देऊ नका. एनसीआरबीच्याच आकड्यांत वर्षानुवर्षे दिसते की बलात्काराच्या दहापैकी नवाहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मालक. अशा वेळी गुन्हेगाराचे नाव आणि पत्ता छापला की पीडितेचे नाव गावाला आपोआप कळते, आणि ते उघड करणे हा आपल्याकडे स्वतंत्र गुन्हा आहे. अमेरिकेतल्या यादीमागची कल्पना अनोळखी माणसाची आहे. रविदास कॅम्पचा गुन्हा अनोळखी माणसांचा होता, म्हणूनच तो आठवणीत राहिला, आणि त्याच अपवादावरून आपण कायद्याची कल्पना करू लागलो. शिवाय सोलापूरचे कुंपण विसरून चालणार नाही. शिक्का एकदा खुला झाला की तो फक्त गुन्हेगाराला लागून राहत नाही. घराला, वस्तीला आणि आडनावाला लागतो.

रजा कोणाला मिळते

तुरुंगाबाहेर येण्याचे दोन नेहमीचे मार्ग आहेत. महाराष्ट्रात सरकारी भाषेत फर्लोला संचित रजा आणि पॅरोलला अभिवचन रजा म्हणतात. त्यांचे नियम 1959 चे आहेत. संचित रजेला विशेष कारण लागत नाही. लांब शिक्षा भोगणाऱ्याचा घराशी संबंध तुटू नये हा तिचा उद्देश, आणि तिचे दिवस शिक्षेत धरतात. अभिवचन रजा कारणासाठी असते: आजारपण, मृत्यू, लग्न. ती सहसा विभागीय आयुक्त देतात आणि तिचे दिवस राज्याच्या नियमांप्रमाणे शिक्षेत धरत नाहीत. तुरुंग हा राज्यांचा विषय असल्याने दिल्लीचे नियम वेगळे, गुजरातचे वेगळे.

रजा देणे वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कायमचा कोंडलेला माणूस सुटल्यावर कोणाच्या उपयोगाचा राहत नाही. प्रश्न आहे तो रजा कोणाला, किती लवकर आणि कोणत्या कागदावर मिळते याचा.

लोकांना हे कळू लागले ते नामांकित कैद्यांमुळे. पहिले मोठे उदाहरण नौदल अधिकारी नानावटी यांचे. 11 मार्च 1960 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने जन्मठेप सुनावली आणि त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी शिक्षा स्थगित केली, म्हणजे नानावटी नौदलाच्या ताब्यातच राहिले. सप्टेंबर 1960 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरवले की प्रकरण न्यायालयापुढे असताना राज्यपालांना असे करता येत नाही. 1964 मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिली. हे सगळे उजेडात राहिले, कारण मुंबईतली वर्तमानपत्रे रोज तेच छापत होती. त्याच वर्षांत येरवड्यातल्या एखाद्या अनाम कैद्याचा रजेचा अर्ज कोणत्या टेबलावर पडून होता, हे कोणी छापले नाही.

2009 मध्ये दिल्लीत जेसिका लाल खून प्रकरणातील कैदी मनू शर्मा याला आईचे आजारपण आणि आजीचे अंत्यविधी अशा कारणांवर पॅरोल मिळाला. आई चंदिगडमधल्या एका जाहीर कार्यक्रमात दिसल्या आणि तो स्वतः दिल्लीतल्या एका क्लबात. बातम्या आल्यावर तो तिहारला परतला. दिल्ली उच्च न्यायालयाने मग सरकारला इतर कैद्यांच्या पडून राहिलेल्या अर्जांबद्दल विचारले आणि फेब्रुवारी 2010 मध्ये दिल्लीत पॅरोल व फर्लोची लेखी मार्गदर्शक तत्त्वे आली. इतिहासाच्या दृष्टीने या प्रकरणातली महत्त्वाची गोष्ट क्लब नाही, ही तत्त्वे आहेत.

पुण्यात येरवड्याला संजय दत्त मे 2013 ते फेब्रुवारी 2016 शिक्षा भोगत होते. डिसेंबर 2013 चा त्यांचा पॅरोल दोनदा वाढला. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. सरकारला खुलासा द्यावा लागला आणि 2018 मध्ये याचिका फेटाळली गेली. म्हणजे नियम मोडला नाही असे ठरले. ठीक आहे. पण नियम काय आहे हे महाराष्ट्रातल्या सामान्य माणसाला प्रथमच समजले ते या खटल्यामुळे, आणि येरवड्यातल्या बाकीच्या कैद्यांच्या नातेवाइकांनाही.

2016 मध्ये वेगळेच घडले. मुंबईत वडाळ्याच्या एका तरुण वकील मुलीच्या खुनाबद्दल जन्मठेप भोगणारा पहारेकरी नाशिक तुरुंगातून पॅरोलवर सुटला आणि परतलाच नाही. तो ऑक्टोबर 2017 मध्ये काश्मीरमध्ये सापडला. दरम्यान, ऑगस्ट 2016 मध्ये राज्याने नियम कडक केले आणि काही प्रकारच्या गुन्ह्यांत रजाच बंद केली. एकाच्या पळून जाण्याची किंमत वेळेवर परतणाऱ्यांनी दिली, हे येथे मला खटकते.

बिल्किस बानो प्रकरणात माहितीचा प्रश्न सर्वांत ठळक झाला. खटला मुंबईत चालला, शिक्षा 2008 मध्ये मुंबईतच झाली, कैदी मात्र गुजरातमध्ये होते. 15 ऑगस्ट 2022 रोजी अकरा जणांना शिक्षामाफीवर सोडण्यात आले. केंद्राने संमती दिली होती आणि सुटकेआधी कैदी वर्षानुवर्षांच्या रजांत मिळून हजाराच्या आसपास दिवस बाहेर होते, हे ऑक्टोबर 2022 मध्ये गुजरात सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिल्यावर बाहेर आले. 8 जानेवारी 2024 रोजी न्यायालयाने सुटका रद्द केली: निर्णयाचा अधिकार महाराष्ट्राचा होता. जिच्यावर अन्याय झाला, तिला यातले काही अधिकृतपणे आधी कळवले जात नव्हते.

पीडितेला अशी माहिती मिळण्याचा स्पष्ट उल्लेख आपल्या कायद्यात फार थोड्या ठिकाणी आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध कायद्यात 2015 च्या दुरुस्तीने कलम 15 अ आले. त्यात जामीन, सुटका, पॅरोल यांविषयीच्या कार्यवाहीत पीडिताला किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना म्हणणे मांडण्याचा हक्क ‘पॅरोल’ हा शब्द वापरून दिला आहे. हा हक्क सर्वांना का नसावा, यावर तुम्ही वर्गात चर्चा जरूर करा.

कागद मागण्याची वाट

महाराष्ट्राचा माहिती अधिकार कायदा 2002 चा, केंद्राचा 12 ऑक्टोबर 2005 पासून लागू झालेला. दिल्ली सरकारच्या खात्यांविषयीची, म्हणून तिहारविषयीचीही, दुसरी अपिले केंद्रीय माहिती आयोगाकडे येतात. येरवड्याची राज्य आयोगाकडे. या कायद्याच्या कलम 8(1)(ञ) मध्ये वैयक्तिक माहितीला संरक्षण होते, पण त्याला दोन अटी होत्या. माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसावा किंवा तिने खासगीपणावर नाहक अतिक्रमण व्हावे; आणि व्यापक लोकहित असेल तर ती द्यावी. शिवाय, संसदेला किंवा विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असे परंतुक होते. मुंबईचे शैलेश गांधी 2008 ते 2012 केंद्रीय माहिती आयुक्त होते. या परंतुकाचे महत्त्व ते सतत सांगत आले आहेत.

पॅरोलच्या फायलीला हे कलम कसे लागू होई ते पाहा. कैद्याच्या पत्नीचा वैद्यकीय अहवाल खासगी. पण आयुक्तांनी रजा कोणत्या नियमाखाली दिली, पोलिसांचा अभिप्राय अनुकूल होता का, अर्ज किती दिवसांत निकाली निघाला, हे सरकारी काम. आधीचा मजकूर झाकून नंतरचा देता येतो. कायद्याच्या कलम 10 मध्ये तशी सोय आहे.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने हे कलम बदलले आणि नोव्हेंबर 2025 मध्ये तो बदल अमलात आला. आता अपवाद एवढाच: वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती. अटी गेल्या, परंतुक गेले. कलम 8(2) शिल्लक आहे. त्यात संरक्षित हिताला होणाऱ्या हानीपेक्षा लोकहित मोठे असेल तर माहिती देता येते.

यातले बारकावे समजायला एक खरी घटना पुरे. राजीव गांधी हत्या प्रकरणातील कैदी पेरारिवलन तामिळनाडूच्या तुरुंगात होता. संजय दत्त यांना शिक्षा केंद्रीय कायद्याखाली झाली होती, तशीच त्याचीही. मग दत्त यांच्या मुदतपूर्व सुटकेसाठी महाराष्ट्राने केंद्राचे मत घेतले होते का, असे त्याने 2016 मध्ये माहिती अधिकारात येरवड्याला विचारले. दुसऱ्या व्यक्तीची माहिती म्हणून ती नाकारण्यात आली आणि 2020 मध्ये तो मुंबई उच्च न्यायालयात गेला. पुढे मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्याच कार्यवाहीत त्याची सुटका केली. त्याच्या अर्जात दत्त यांच्या आयुष्याबद्दल काहीही नव्हते. एका सरकारने दुसऱ्याला पत्र पाठवले की नाही, एवढाच प्रश्न होता. तोच अर्ज आज केला, तर माहिती अधिकाऱ्याला नव्या कलमाचा एका ओळीचा आधार घेता येईल, आणि कलम 8(2) खाली लोकहित कसे मोठे आहे हे दाखवण्याचा भार व्यवहारात अर्जदारावर येईल. एका कैद्याचे नाव न घेता ‘गेल्या पाच वर्षांत या तुरुंगातून अभिवचन रजेचे किती अर्ज आले, किती मंजूर झाले, प्रत्येकाला किती दिवस लागले’ असे विचारले, तर मात्र त्यात कोणाचीच वैयक्तिक माहिती येत नाही. असा अर्ज दहा रुपयांत होतो.